गरिबांची पाठवणी: वसाहतींकडे धाडण्याच्या योजनांचा अभ्यास कसा करावा

सहा सदरे, पायमोज्यांचे सहा जोड, बुटांचे दोन जोड आणि बाहेर वापरायचे दोन पुरे पोशाख. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी मदतीने ऑस्ट्रेलियाला जाऊ पाहणाऱ्या ब्रिटिश शेतमजुराजवळ निदान एवढे कपडे असलेच पाहिजेत, असा ‘कलोनियल लँड अँड एमिग्रेशन कमिशन’चा, म्हणजे वसाहतींतील जमीन आणि स्थलांतर पाहणाऱ्या सरकारी मंडळाचा, नियम होता. बाईसाठी सहा शेमिजी, फ्लॅनेलचे दोन परकर, पायमोज्यांचे आणि बुटांचे तेवढेच जोड आणि दोन झगे. बोटीवर चढण्याआधी पेटी उघडून ही मोजदाद केली जाई. याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहावा. १८३४ च्या सुमारास डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावात शेतमजुराची मजुरी आठवड्याला ७ शिलिंगांवर उतरली होती आणि ती ६ शिलिंगांवर आणण्याची भाषा चालली होती. पुढच्या वर्षांत मजुरी थोडी सुधारली, तरी अशा घरात एका माणसाचे सहा सदरे येणार कुठून?

ज्यांच्या अंगावर एक सदरा धड नव्हता त्यांना सहा सदरे कोणी शिवून दिले, हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायचा नाही, ही या विषयाची माझ्या मते सर्वांत चांगली सुरुवात आहे. ते कधी पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे ठरलेल्या गावगाड्याने दिले, कधी जमीनदाराने, कधी एखाद्या धर्मादाय मंडळाने; आणि देणाऱ्याला त्या बदल्यात काय हवे होते, हे त्या योजनेच्या हिशेबात कुठेतरी नोंदलेले असते. ग्रामीण दारिद्र्यावर उपाय म्हणून वसाहतींकडे स्थलांतर करावे, हे मत १८२० नंतरच्या तीस वर्षांत पत्रकांत, पार्लमेंटच्या अहवालांत आणि पाद्र्यांच्या प्रवचनांत इतक्या वेळा आणि इतक्या गोड शब्दांत येते की वाचणारा त्या ओघात वाहून जातो. म्हणून हिशेबाची वही आधी आणि पत्रक नंतर, हा क्रम पाळावा. खाली जे सांगितले आहे ते प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आणि हौसेने वाचणाऱ्यालाही उपयोगी पडावे, या हेतूने सांगितले आहे.

एक गाव, एक वर्ष, एक बोट

सगळा ब्रिटन एकदम हाती घेऊ नये. तसे केल्यास दक्षिण इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंडचा हायलँड्स प्रदेश यांची खिचडी होते. इंग्लंडमध्ये गरिबांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी पॅरिशवर होती आणि त्यासाठी जमीन-घरांवर कर बसवला जाई. आपण घरपट्टी, पाणीपट्टी म्हणतो त्या चालीवर मी त्याला गरीबपट्टी म्हणेन. आयर्लंडमध्ये अशी व्यवस्था १८३८ पर्यंत नव्हतीच, त्यामुळे तिथे पैसे घालणारा एकतर जमीनदार किंवा सरकारी तिजोरी. हायलँड्समध्ये १८५२ साली स्थापन झालेल्या ‘हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी’ने सुमारे ५,००० माणसे ऑस्ट्रेलियाला पाठवली, तेव्हा खर्चाचा तिसरा हिस्सा जमीनदाराने सोसायचा आणि उरलेली रक्कम जाणाऱ्याने पुढे कर्ज म्हणून फेडायची, अशी रीत होती. पैसे देणारा बदलला की योजनेचा हेतू बदलतो, निवडलेली माणसे बदलतात आणि मागे राहिलेले कागदही बदलतात.

सुरुवातीला ससेक्समधील पेटवर्थसारखे एखादे उदाहरण घ्यावे. तिथला मोठा जमीनदार अर्ल ऑफ एग्रेमाँट आणि तिथला पाद्री थॉमस सॉकेट यांनी चालवलेल्या समितीने १८३२ ते १८३७ या सहा वर्षांत सुमारे १,८०० माणसे पोर्ट्समथ बंदरातून अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ओंटारिओत पाठवली. कागद भरपूर, काळ आटोपशीर आणि माणसे मोजता येतील इतकी; नवख्याला याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

रोग कोणता मानला होता

उपाय तपासण्याआधी त्या काळच्या माणसांनी रोगाचे निदान काय केले होते ते पाहावे लागते. १८०१ च्या पहिल्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या सुमारे ८९ लाख होती. १८३१ पर्यंत ती १ कोटी ३९ लाखांच्या घरात गेली. अन्नापेक्षा माणसे वेगाने वाढतात, असे सांगणारा अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध १७९८ चा. त्यामुळे ‘माणसे जास्त झाली’ हे वाक्य लिहायला कोणालाच पुरावा द्यावा लागत नसे. परंतु ती माणसे ‘जास्त’ ठरण्यामागे आणखीही बरेच काही होते. सामाईक कुरणांना कुंपणे पडली होती. १८१५ साली नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले, सैनिक घरी आले आणि धान्याचे भाव पडले. मळणीयंत्राने तर शेतमजुराचा हिवाळ्यातला हक्काचा रोजगारच काढून घेतला. शिवाय १६६२ च्या कायद्याने माणूस आपल्या पॅरिशला जखडलेला होता, कारण मदत मिळण्याचा हक्क त्याच पॅरिशात असे आणि दुसऱ्या गावी कामाला जाऊन तो गमावण्याची किंवा तिथून परत हाकलले जाण्याची भीती असे.

१७९५ साली बर्कशायरमधील स्पीनहॅमलँड येथे तिथल्या न्यायाधिकाऱ्यांनी पावाच्या भावाप्रमाणे मजुरीला पूरक रक्कम देण्याचे कोष्टक ठरवले आणि ती पद्धत दक्षिणेत निरनिराळ्या रूपांत पसरली. शेतकऱ्याने मजुरी कमी द्यायची आणि उरलेली भर गरीबपट्टीने घालायची, असा तो मामला झाला. १८१८ च्या सुमारास गरीबपट्टीचा देशभरचा खर्च वर्षाला ८० लाख पौंडांच्या जवळ पोचला होता. हे सगळे वाचताना एक गोष्ट ध्यानात धरावी: करदात्याच्या दृष्टीने रोग होता गरीबपट्टी, मजुराच्या दृष्टीने रोग होता मजुरी. ‘ग्रामीण दारिद्र्य’ हा शब्द दोघेही वापरीत, पण औषध एकाच रोगावर दिले जात होते असे समजू नये.

त्यात १८३० च्या ऑगस्टमध्ये केंटमधील लोअर हार्ड्रेस येथे मळणीयंत्र फोडले गेले आणि ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावाने दंगे दक्षिण इंग्लंडभर पसरले. गंजी जळाल्या, यंत्रे फुटली, १९ जणांना फाशी झाली आणि शेकडो जणांना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत काळ्या पाण्यावर धाडले गेले. पेटवर्थची पहिली बोट १८३२ ची आहे. या दोन तारखांमधले अंतर पाहिले म्हणजे जमीनदारांच्या दानतीत भीतीचा वाटा किती, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. मात्र उत्तर प्रत्येक गावात वेगळे निघते, ते आधीच ठरवून बसू नये.

वही कशी वाचावी

पॅरिशच्या सभेला व्हेस्ट्री म्हणत. तिची कार्यवृत्ते आणि गरिबांच्या देखरेख्याचे जमाखर्च परगण्याच्या अभिलेखागारात मिळतात. पेटवर्थचे कागद चिचेस्टरमधील वेस्ट ससेक्स रेकॉर्ड ऑफिसात आहेत. १८३४ नंतरचा पत्रव्यवहार लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एमएच १२’ या मालिकेत परगण्यांच्या क्रमाने लावलेला आहे आणि वसाहत खात्याकडे आलेली स्थलांतरविषयक पत्रे ‘सीओ ३८४’ मध्ये आहेत. यातील काही भाग आता घरबसल्या पाहता येतो.

वही उघडल्यावर पहिले काम म्हणजे पैशाचे माप अंगवळणी पाडून घेणे. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. नंतर एक साधे गणित स्वतः करून पाहावे. समजा, एका कुटुंबाला पॅरिश आठवड्याला ५ शिलिंग देत आहे. वर्षाचे २६० शिलिंग, म्हणजे १३ पौंड झाले. त्याच कुटुंबाला कपड्यांसह बोटीवर चढवायला ३० पौंड लागणार असतील, तर सव्वादोन-अडीच वर्षांत पॅरिशची रक्कम वसूल होते आणि त्यापुढचा प्रत्येक शिलिंग करदात्याची बचत ठरते. हे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. तुमच्या गावाचे खरे आकडे वहीतून काढून याच साच्यात घालावेत. व्हेस्ट्रीत बसलेला शेतकरी हेच गणित मनातल्या मनात करीत असे, आणि एखाद्या कुटुंबाला पाठवण्याचा ठराव झटकन का झाला व दुसऱ्याचा का लांबला, हे पुष्कळदा यातूनच उलगडते.

१८३४ च्या नव्या पुअर लॉमधील, म्हणजे गरिबांच्या मदतीविषयीच्या कायद्यातील, ६२ वे कलम तर शब्दन् शब्द वाचण्यासारखे आहे. करदाते आणि जमीनमालक यांनी सभा भरवून संमती दिली तर पॅरिशला गरीबपट्टीच्या तारणावर स्थलांतरासाठी रक्कम उभारता येई. ती मागील तीन वर्षांच्या सरासरी वार्षिक पट्टीच्या निम्म्याहून जास्त नसावी आणि पाच वर्षांत फिटावी, अशी अट होती. पैसा फक्त त्याच पॅरिशचा रहिवासहक्क असलेल्या गरिबांवर खर्च करायचा. आणि याच कलमात पुढे असे आहे की एखाद्या सज्ञान माणसाने जायला होकार देऊन खर्च झाल्यावर नकार दिला, किंवा जाऊन परत आला, तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करता येईल. जाण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही. परंतु एकदा होय म्हटलेल्या मजुराला मागे फिरण्याची किंमत किती होती ते या एका वाक्यावरून कळते. त्याच कायद्याने सुदृढ माणसाला घरबसल्या मिळणारी मदत आवळून वर्कहाऊसचा, म्हणजे राबवून घेऊन पोसणाऱ्या गरीबगृहाचा, दरवाजा दाखवला, हेही त्याच्या जोडीला ठेवावे. या मार्गाने पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक माणसे गेली ती नॉरफोक आणि सफोक या परगण्यांतून.

सरकारी पैशाच्या योजना वाचताना हिशेब निराळ्या ठिकाणी बिघडतो. वसाहत खात्याचा उपसचिव रॉबर्ट विल्मट-हॉर्टन याच्या पुढाकाराने १८२३ साली ५६८ आणि १८२५ साली २,०२४ आयरिश माणसे पीटर रॉबिन्सनच्या देखरेखीखाली अप्पर कॅनडात वसवली गेली. जमीन, अवजारे, वर्षभराचा शिधा असे सारे मिळून दरडोई २० पौंडांहून अधिक खर्च आला. १८२६-२७ च्या पार्लमेंटरी समितीपुढे विल्मट-हॉर्टनने हाच नमुना मोठ्या प्रमाणावर मांडला, पण रकमा पाहून तिजोरीने हात आखडता घेतला. ओंटारिओतील पीटरबरो हे शहर त्या रॉबिन्सनच्या नावाचे. तिथे गेलेल्यांचे काय झाले याची माहिती बऱ्यापैकी मिळते आणि ती पुष्कळ अंशी चांगली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मात्र ज्या खर्चाने ती माणसे मार्गी लागली तो खर्च पुढे कोणी करायला तयार नव्हते.

यादीत कोण नाही

बोटीची यादी हाती लागली की आपण नावे वाचत सुटतो. त्याऐवजी वगळलेल्यांकडे पाहावे. पॅरिशला घालवायची असत पुष्कळ मुले असलेली कुटुंबे, कारण पट्टीवर भार त्यांचाच. वसाहतीला हवी असत तरुण, निरोगी, शेतीकामाची जोडपी आणि घरकाम करणाऱ्या अविवाहित मुली. १८४० साली स्थापन झालेल्या वर उल्लेखिलेल्या कमिशनने आपल्या नियमांत स्पष्टच लिहिले की पॅरिशच्या मदतीवर नेहमी जगणाऱ्यांना घेतले जाणार नाही. लहान मुले फार असलेल्या कुटुंबांनाही आडकाठी होती, देवी टोचलेली किंवा येऊन गेलेली असणे आवश्यक होते आणि चारित्र्याचा दाखला पाद्र्याच्या वा न्यायाधिकाऱ्याच्या सहीचा लागे. म्हणजे दारिद्र्यावरच्या या उपायातून सर्वांत दरिद्री माणूस नियमानेच बाहेर राहत होता. म्हातारे, विधवा, अधू माणसे गावातच राहिली आणि कमावते हात निघून गेले, असे चित्र एखाद्या पॅरिशात दिसले तर नवल वाटू नये. त्याची खात्री करण्यासाठी यादीतील वये एका रकान्यात उतरवून काढावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा इलाज नाही.

आणखी एक सावधगिरी. काही याद्यांत ‘माणसे’ मोजलेली असतात आणि काहींत ‘प्रौढ’. प्रवाशांविषयीच्या कायद्यांनुसार दोन किंवा तीन मुले मिळून एक प्रौढ धरला जाई आणि हे प्रमाण वेळोवेळी बदलत गेले. दोन याद्यांतील बेरजा जुळत नसतील तर कारकुनाला दोष देण्याआधी हे तपासावे.

मराठी वाचकाला याच कमिशनचे नाव दुसऱ्या संदर्भातही भेटेल. मॉरिशस आणि कॅरिबियन वसाहतींत हिंदुस्थानातून नेलेल्या गिरमिटियांच्या वाहतुकीवर देखरेख याच कार्यालयाची होती. म्हणून ते दोन प्रवाह एकाच मापाने मोजण्याचा मोह होतो. तो आवरावा: पॅरिशने पाठवलेला मजूर उतरल्यावर आपला मालक स्वतः निवडू शके, गिरमिटिया वर्षानुवर्षांच्या कराराने बांधलेला असे.

वाटेत काय झाले

क्वेबेकपर्यंतचा शिडाच्या जहाजाचा प्रवास साधारण सहा ते आठ आठवड्यांचा, ऑस्ट्रेलियाचा तीन ते चार महिन्यांचा. मृत्यूंविषयी सरसकट विधाने करू नयेत, कारण वर्षावर्षांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १८३२ साली कॉलराची साथ बोटींबरोबर कॅनडात पोचली आणि क्वेबेकच्या अलीकडे सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस इल बेटावर विलगीकरण ठाणे उघडावे लागले. १८४७ साली, आयर्लंडमधील दुष्काळाच्या ऐन भरात, त्याच बेटावर ५,००० हून अधिक माणसे पुरली गेली. त्या वर्षी रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाऊनचा जमीनदार मेजर डेनिस मेहन याने आपल्या कुळांपैकी हजारावर माणसे बोटींवर चढवली. वर्कहाऊसात पोसण्यापेक्षा तिकीट काढून देणे स्वस्त पडेल, हा त्याच्या कारभाऱ्याचा हिशेब होता. त्यातील फार माणसे वाटेत किंवा उतरल्यावर दगावली आणि नोव्हेंबरमध्ये मेहनचा गोळी घालून खून झाला. ग्रोस इलच्या नोंदी कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात.

पत्रे वाचण्याची रीत

या विषयातील सर्वांत मोहक साधन म्हणजे गेलेल्यांनी घरी धाडलेली पत्रे, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. सॉकेटने पेटवर्थच्या माणसांची पत्रे छापून काढली, ती पुढच्या बोटी भरण्यासाठी. मी स्वतः एकदा अशी डझनभर पत्रे उतरवून घेऊन ‘डझनभर साक्षीदार’ म्हणून मांडली होती. ती सारी एकाच संपादकाच्या हातून, एकाच हेतूने निवडली गेली होती, हे एका जाणकाराने दाखवून दिले तेव्हा दोन आठवड्यांचे काम नव्याने करावे लागले. छापील पत्र हा पत्र लिहिणाऱ्याचा जितका पुरावा असतो तितकाच ते छापणाऱ्याचाही.

तरीही ती फेकून देऊ नयेत. पत्र हाती आले की आधी पाहावे की ते कोणाला लिहिले आहे. आई-बापाला लिहिलेले पत्र आणि पाद्र्यासाहेबांना लिहिलेले पत्र यांत फरक असतोच. लिहिणाऱ्याला अक्षरओळख होती की दुसऱ्याने लिहून दिले, हे शक्य असल्यास शोधावे. १८४० साली पेनी पोस्ट सुरू होईपर्यंत टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे; त्यामुळे गावातील एका घरी आलेले पत्र चारचौघांत वाचले जाई आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असे. मग मजकुरातील लहान तपशिलांकडे वळावे. रोजचे मांस, स्वतःची डुकरे, मालकाच्याच टेबलावर बसून जेवण या गोष्टी पत्रांत पुनःपुन्हा येतात. त्यांतील टेबलाचा उल्लेख मला नेहमी मजुरीच्या आकड्याहून खरा वाटतो. मजुरीचा आकडा फुगवून सांगता येतो. पण मालक आणि गडी एका टेबलावर जेवतात याचे ज्याला एवढे अप्रूप वाटते, त्याला गावी कसे वागवले गेले असेल हे त्याने न सांगताच सांगितलेले असते.

पत्रांत नसलेल्या गोष्टींची एक यादी शेजारी लिहीत जावी. मेलेली माणसे पत्र लिहीत नाहीत. फसलेला माणूस लाजेने लिहीत नाही. आणि ज्याने तक्रार लिहिली त्याचे पत्र छापले जात नाही, तेव्हा ते मूळ हस्तलिखितांत किंवा स्थानिक वर्तमानपत्रांत शोधावे लागते. ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रे ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडची ‘पेपर्स पास्ट’ या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. बोटीचे नाव घालून शोधल्यास ती बंदराला लागल्याच्या आठवड्यातली बातमी बहुधा सापडते.

तिकिटाचे पैसे देणारी जमीन

आता हिशेबातील तो रकाना, जो त्या काळच्या एकाही वहीत नाही. एडवर्ड गिबन वेकफिल्ड याने १८२९ साली, न्यूगेटच्या तुरुंगात असताना, एक योजना मांडली. वसाहतीतील जमीन फुकट वाटू नये, ‘पुरेशा’ किमतीला विकावी. त्यामुळे मजूर लगेच जमीनमालक होणार नाही, भांडवलदाराला मजूर मिळेल आणि विक्रीच्या पैशातून आणखी मजुरांची तिकिटे निघतील. १८३१ पासून न्यू साऊथ वेल्समध्ये सरकारी जमीन एकरी किमान ५ शिलिंग दराने लिलावात निघू लागली, १८३८ मध्ये तो दर १२ शिलिंग आणि १८४२ मध्ये १ पौंड झाला, आणि या विक्रीचा पैसा स्थलांतराकडे वळवला गेला. साऊथ ऑस्ट्रेलिया ही वसाहत तर १८३४ च्या कायद्याने याच तत्त्वावर उभारली आणि १८३६ साली तिथे वस्ती सुरू झाली.

मोठी सुबक योजना. इंग्लंडचा करदाता सुटला, मजूर पोचला, वसाहत वाढली आणि कोणाच्याच खिशाला चाट बसली नाही. परंतु जी जमीन विकून हे सारे साधले ती अॅडलेडच्या परिसरात कौर्ना या मूळनिवासी लोकांची होती आणि त्यांना त्या विक्रीतले काहीच मिळाले नाही. पीटर रॉबिन्सनच्या १८२५ च्या आयरिश कुटुंबांना मिळालेली जमीनही मिसिसागा या मूळनिवासी लोकांकडून १८१८ च्या करारान्वये घेतलेल्या प्रदेशातली होती. त्यामुळे कोणत्याही योजनेचा अभ्यास करताना बोट जिथे लागली तिथल्या जमिनीचा इतिहास किमान एक दिवस बसून काढावा: करार झाला होता का, कोणत्या वर्षी, कोणाशी, किती मोबदल्यात. मजुराला या साऱ्यासाठी जबाबदार धरणे मला पटत नाही. बहुतेकांना आपण कुठे चाललो आहोत हेही नीट ठाऊक नव्हते. पण त्याच्या तिकिटाचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे वहीत लिहिले गेले नाही एवढ्यावरून ते गेलेच नाहीत असे होत नाही.

विरोधकांना बोलू द्यावे

मजुरांची बाजू घेणारा पत्रकार विल्यम कॉबेट या योजनांवर तुटून पडत असे. धान्य पिकवणारे हात घालवून देता आणि पट्टीचे पैसे खाणारे राखता, असा त्याचा रोख. गंमत अशी की १८२९ साली त्याने स्वतःच स्थलांतरितांसाठी मार्गदर्शक लिहिला; जायचेच असेल तर ब्रिटिश वसाहतींत न जाता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जा, हा त्यातील सल्ला. चार्ल्स ब्युलर हा तर वेकफिल्डच्याच पंथातला, पण १८४३ साली पार्लमेंटमध्ये बोलताना त्याने आधीच्या सरकारी प्रयोगांची संभावना कंगालांना फावड्याने बाहेर ढकलणे अशा शब्दांत केली आणि ती उपमा पुढे शंभर वर्षे चिकटून राहिली. समर्थकांनीच एकमेकांवर केलेली ही टीका विरोधकांच्या टीकेहून उपयोगी पडते, कारण योजना आतून कुठे पोकळ होती ते त्यांना ठाऊक असे.

शेतमजुरांची स्वतःची भूमिका शोधायला थोडे पुढे, १८७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय शेतमजूर संघाकडे जावे लागते. त्याचा पुढारी जोसेफ आर्च १८७३ साली कॅनडा पाहून आला. इथे पहिल्यांदाच स्थलांतर हे मालकाच्या हातातून मजुराच्या हातात येताना दिसते: माणसे कमी झाली की उरलेल्यांची मजुरी वाढवून मागता येईल, असा त्यामागचा विचार होता. यानंतरच्या योजना, अनाथ मुलांना कॅनडा-ऑस्ट्रेलियाला पाठवणाऱ्या संस्था आणि वर्षाला ३० लाख पौंडांपर्यंत खर्चाची तरतूद करणारा १९२२ चा एम्पायर सेटलमेंट अॅक्ट, हे वेगळे विषय आहेत आणि वेगळेच ठेवावेत.

निकाल कसा तपासावा

पॅरिशची १८३१, १८४१ आणि १८५१ ची लोकसंख्या, त्याच वर्षांची गरीबपट्टी आणि मिळाल्यास मजुरीचा दर, एवढे एका कागदावर मांडावे. छापील जनगणनेच्या तळटिपांत कधी कधी घट स्थलांतरामुळे झाल्याचे लिहिलेले असते, ते चुकवू नये. पट्टी उतरलेली दिसली तर लगेच स्थलांतराला श्रेय देऊ नये, कारण १८३४ च्या कायद्याने मदतच इतकी आवळली की एकही माणूस न गेलेल्या गावातही पट्टी उतरली. म्हणून शेजारचे, तशाच मातीचे आणि कोणालाही न पाठवलेले एक पॅरिश तुलनेला घ्यावे. १८४१ पासून जनगणनेच्या मूळ पानांवर माणसांची नावे मिळतात, तेव्हा मागे राहिलेल्या नातेवाइकांचा मागही लागतो.

आणि माणसांचा हिशेब गावाच्या हिशेबाहून वेगळा ठेवावा. वर ज्या टॉलपडलचा उल्लेख आला, तिथल्या सहा शेतमजुरांना १८३४ साली संघटना बांधताना गुप्त शपथ घेतल्याबद्दल सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला हद्दपार केले गेले. देशभर गदारोळ झाल्यावर त्यांना माफी मिळाली आणि ते परतले. पुढे त्यांतील पाच जण आपल्या मर्जीने कॅनडात गेले आणि ओंटारिओतील लंडन गावाच्या आसपास शेती करून राहिले. सहावा, जेम्स हॅमेट, टॉलपडलला परत आला, मजुरी करीत राहिला, म्हातारपणी आंधळा झाला आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसात वारला.